नऊ हातांचं अंगण

आयुष्यभर चुकीचं लिहून ज्यांनी गावाला बरोबर वागायला लावलं, असे निबंधकार सबंध मुंबई इलाख्यात एकच झाले आणि ते आमच्या रत्नागिरीत झाले. हे मी अभिमानानं सांगतो, कारण त्यांच्या एका चुकीवर मी बी.ए. झालो आहे. गाव त्यांना पाठीमागे मापाडी म्हणायचं आणि समोर भाऊसाहेब. बंदरावरचा धान्य मोजणारा मापाडी निदान पायली भरली की थांबतो. आमचे भाऊसाहेब थांबत नसत. जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली, अंगात बटणं चुकवून लावलेला कोट, काखेत छत्री, आणि खिशात मेण लावलेला वीस हातांचा दोरा. लग्नाला गेले तर वाढपी तूप घेऊन पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत किती पावलांत पोचतो आणि पोचेपर्यंत तूप किती गोठतं, ते बघत बसायचे. वधूवरांना आशीर्वाद द्यायचं राहून जायचं. एकदा यजमानांनी विचारलं, "भाऊसाहेब, जेवण कसं झालं?" तर म्हणाले, "पहिल्या पंगतीचं उत्तम झालं. तिसरीचं विचारा, म्हणजे बोलू."

ते आमच्या घराशी कसे जोडले गेले हे सांगायचं तर आधी घर सांगायला हवं. घर म्हणजे गावाबाहेर, जांभ्याच्या उघड्या सड्याला, म्हणजे खडकाळ माळाला, लागून गवतानं शाकारलेलं खोपट. बाबा चांभार. बाजाराच्या तोंडाशी उंडीचं एक झाड होतं, त्याखाली त्यांची बैठक. कोकणात चांभाराचं वर्ष आठ महिन्यांचं. मिरग लागला की लोक वहाणा काढून माळ्यावर धुरात टांगतात आणि चार महिने अनवाणी चिखल तुडवतात. लोकांचे पाय मोकळे झाले की आमची चूल मोकळी व्हायची. नाचणीची आंबील आणि रानातून खुडून आणलेला टाकळा, एवढ्यावर आम्ही सहा माणसं पावसाळा काढायचो. घरात मीठ असलं की आई म्हणायची, "आज बेत हाय." आणि तिचं खरं असायचं.

पायाचं माप घ्यायची तेव्हा एक रीत होती. गिऱ्हाईक जुनी वहाण लांबून टाकायचं आणि तिच्यावरून बाबा नवी करायचे. जुनी नसेल तर गिऱ्हाईक धुळीत पाय उमटवून बाजूला व्हायचं, मग बाबा पुढे होऊन तो उमटलेला पाय मोजायचे. जिवंत पायाला हात लावायचा नाही. भाऊसाहेब पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी सरळ बाबांच्या ठोकळ्यावर पाय ठेवला. बाबा हातभर मागे सरकले.

"भाऊसाहेब, पाय धुळीत उमटवा. माजा हात लागंल."

"लागू दे. धुळीतलं माप चुकतं. माझ्या डाव्या पायाला भोवरी आहे, ती धुळीत उमटत नाही."

"पन इटाळ व्हईल."

"आणि वहाण लागली तर? विटाळ आंघोळीनं जातो, भोवरी जात नाही."

आमच्याकडे समाजसुधारणेची सुरुवात ही अशी भोवरीपासून झाली. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचा पाय हातात घेऊन माप काढलं. वहाण अशी बसली की भाऊसाहेब आठवडाभर गावातून उगाच हिंडले. मग परत आले आणि म्हणाले, "मला एक दोरा करून दे. हात-हात अंतरावर गाठ मार. पण तुझ्या हातानं मोजून. माझा हात आखूड आहे, आणि लिहून लिहून वाकडा झालेला." तो हाच वीस हातांचा दोरा. पुढे भल्याभल्यांची अंगणं आणि ओट्या त्यानं मोजल्या गेल्या, त्या सगळ्या माझ्या बापाच्या हातानं. हे मोजून घेणाऱ्यांपैकी कोणाला ठाऊक नव्हतं, नाहीतर त्यांनी त्या मापांनाही आंघोळ घातली असती.

भाऊसाहेबांचे निबंध आमच्या गावच्या साप्ताहिकात दर शनिवारी यायचे. अशा निबंधांची तेव्हा एक ठरलेली तऱ्हा होती. सुरुवातीला 'अहो बंधूंनो', मध्ये देशाची स्थिती, शेवटी दोन संस्कृत श्लोक, आणि वाचणारा दुपारच्या झोपेला मोकळा. भाऊसाहेब बंधूंना हाक मारत नसत, कळवळत नसत, कोणाला दोष देत नसत. ते फक्त माप लिहायचे. बाजारातल्या विहिरीवर महारांच्या बायका कुणीतरी पाणी घालील म्हणून किती वेळ मडकी घेऊन बसतात, वाणी पुडी किती उंचावरून टाकतो, चहाच्या हॉटेलाबाहेर कुडाला आमच्यासारख्यांसाठी किती करवंट्या टांगल्या आहेत. आणि जे लिहायचे ते हमखास चुकीचं. विहिरीचा निबंध आला त्यात 'दोन तास' होतं. चौथ्या दिवशी विहिरीच्या मालकाचं पत्र हजर: 'दोन तास हे धादांत असत्य आहे, बायका फार तर सव्वा तास बसतात.' खाली सही. करवंट्यांचा निबंध आला, 'तीन करवंट्या'. हॉटेलवाला स्वतः छापखान्याच्या पायऱ्या चढून आला. "तीन? चार आहेत. आणि रोज धुतो मी." संपादकांनी त्याचंही पत्र सहीनिशी छापलं. मग पोरं त्याच्या हॉटेलासमोरून 'चार आहेत, रोज धुतो' असं म्हणत जायला लागली, तेव्हा पंधरा दिवसांत करवंट्या उतरल्या. कुठं गेल्या ते कोणी विचारलं नाही.

संपादक वैतागायचे. ते आल्यागेल्याला सांगायचे, की भाऊसाहेबांना मी हात जोडून म्हटलं, एखादा निबंध तरी बरोबर लिहा. तर हे म्हणतात, "बरोबर लिहिला तर त्याला उत्तर कोण देईल?"

आणखी एक खोड होती. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला निबंध आधी वाचून दाखवायचा. विहिरीचा निबंध त्यांनी महारवाड्यात जाऊन खणखणीत आवाजात वाचला. बायकांनी पदराआडून हसून घेतलं. एक म्हातारी म्हणाली, "बरा लिवलाव. पन त्यात पाण्याची चव नाय लिवलीत. दोन तास बसल्यावर कशी लागते ती." भाऊसाहेबांनी तिथंच बसून वाक्य वाढवलं. त्या निबंधातलं ते एकच बरोबर वाक्य, आणि त्याच्याबद्दल कोणाचंही पत्र आलं नाही.

आता माझं. मी शाळेच्या पडवीत बसायचो. मला एकट्याला सबंध पडवी होती, म्हणजे जागेची तक्रार नव्हती. मास्तर आत शिकवायचे, मी दारातून दिसेल तेवढा फळा वाचायचो. गणित सोडवलं की पाटी उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायचं. हेडमास्तर उभ्यानं बघून छडीच्या टोकानं चूक दाखवायचे. छडीला विटाळ होत नसे, म्हणून ती इतर वेळीही मला लागायची. पोरांना वेगळं बसवू नये असे वरून हुकूम आले होते. हेडमास्तरांनी ते नीट फायलीला लावून ठेवले होते. पावसाळ्यात पडवीला झावळ्यांची झापं लागायची, आत काळोख व्हायचा आणि झापांच्या फटीतून येणाऱ्या झडीनं पाटीवरचं पुसून जायचं. मी तिसरीत एकदा नापास झालो तो असा. चौथीत गेलो तेव्हा बाबा म्हणाले, "ह्या वर्साचं बगू. पास झालास तर शीक. नाय तर आरी धर. मना हात पुरत नायत." ते रागावून म्हणाले नव्हते, म्हणून मला जास्त भीती वाटली.

त्या श्रावणात भाऊसाहेब शाळेत आले. हेडमास्तर त्यांना ओळखत होते, म्हणून त्यांनी खुर्ची दिली. भाऊसाहेब खुर्चीवर बसले नाहीत. दोऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं, म्हणाले, "धर घट्ट," आणि बाकीचा दोरा सोडत फळ्यापर्यंत गेले. साडेबारा गाठी झाल्या. शनिवारी निबंध आला, 'सतरा हातांवरची शाळा'. मी वाचला आणि दुपारी धापा टाकत त्यांच्याकडे गेलो. अंगणात उभा राहून म्हटलं, "भाऊसाहेब, साडेबारा भरले होते. दोरा मीच धरला होता."

ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. म्हणाले, "ठाऊक आहे."

"मग सतरा कशाला लिवलंत?"

"मी तीस वर्षं कोर्टात काढली. या जिल्ह्यातला माणूस कसा असतो ते तुला सांगतो. त्याला म्हण, तू पोराला बाहेर बसवतोस. तो म्हणेल, छे, असलं काही आमच्याकडे नाही. त्याला म्हण, तू सतरा हातांवर बसवतोस. तो दुसऱ्या दिवशी फूटपट्टी घेऊन येईल. अन्याय सहन करील, पण चुकीचं माप नाही सहन करणार. आणि एकदा का त्यानं स्वतःच्या सहीनं साडेबारा लिहून दिलं, की कबुली झाली."

झालंही तसंच. पुढच्या अंकात हेडमास्तरांचं पत्र आलं, चांगलं दीड रकाना. 'सतरा हात हा खोडसाळपणा असून प्रत्यक्ष अंतर साडेबारा हातच आहे.' पण हेडमास्तर साधे नव्हते, तेही वकिलाचे भाचे. पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिलं, 'निबंधकारांच्या वहाणा आणणारे चांभार त्यांच्या स्वतःच्या अंगणात किती हातांवर उभे राहतात, ते त्यांनी आधी छापावे. ज्या दिवशी ते खरे माप छापतील, त्या दिवशी मी मुलास आत घेईन.'

गाव खूश झालं. बाजारात भाऊसाहेब दिसले की कोणीतरी विचारायचं, "काय भाऊसाहेब, दोरा घरी विसरलात वाटतं?" खरी गोष्ट अशी होती की भाऊसाहेबांचं घर चालवायच्या त्या त्यांच्या थोरल्या विधवा बहीण, अक्का. बाहेर सबंध जिल्ह्याला न घाबरणारे भाऊसाहेब घरात आमटीत मीठ जास्त झालं तरी अक्कांना सांगायचे नाहीत, पाणी प्यायचे. बाबा वहाणा घेऊन गेले की तुळशीवृंदावनाच्या पलीकडे ठेवायच्या आणि तिथंच उभं राहायचं, हा अक्कांचा कायदा. भोवरीच्या निमित्तानं बाबांच्या हातात पाय देणारे भाऊसाहेब घरी आल्यावर मुकाट्यानं आंघोळ करायचे, हेही मला नंतर कळलं.

श्रावण गेला, गणपती येऊन गेले. शनिवारच्या अंकात भाऊसाहेबांच्या जागी केशवर्धक तेलाची जाहिरात यायला लागली. मी पडवीत, झापांच्या काळोखात. सहामाहीत गणितात मला भोपळा मिळाला. बाबांनी निकाल ऐकून घेतला. मग माझ्यासाठी एक लहान आरी घासून ठेवली.

दसऱ्याच्या आधी नव्या वहाणा द्यायला आम्ही दोघं भाऊसाहेबांकडे गेलो. तुळशीपलीकडे उभे राहिलो. भाऊसाहेब ओटीवर बसले होते, समोर कागद. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बरा आलास. तुझ्यावरच लिहिलंय. ऐक." आणि वाचायला लागले. नेहमीचा खणखणीत आवाज नव्हता. "माझ्या स्वतःच्या अंगणात, मला वहाण करून देणारा माणूस पाच हात दूर उभा राहतो."

मी बाबांकडे बघितलं. बाबा खाली बघत होते. दुसऱ्यांची मापं वाढवून लिहिणाऱ्या माणसानं स्वतःचं माप कमी केलं होतं, आणि ते काही युक्ती म्हणून नव्हे. हे मला त्या वयातही कळलं. त्यांनाही कळत होतं, कारण ते आमच्याकडे न बघता वाचत होते.

"पाच?" आतून अक्कांचा आवाज आला. त्या माजघरात तांदूळ निवडत होत्या. "पाच कुठले? नऊ आहेत."

"अक्का, तू आपली तांदूळ निवड."

"तांदूळच निवडतेय. खोटं कशाला लिहितोस? तुळशीपलीकडे त्याला मी उभं करते, तू नाही. तिथून पायरीपर्यंत नऊ हात."

"तू कधी मोजलंस?"

"रोज सडा घालते मी या अंगणात. मला माप शिकवतोस? आण तो तुझा दोरा."

अक्का सूप ठेवून बाहेर आल्या. भाऊसाहेबांच्या खिशातून त्यांनी स्वतःच दोरा ओढून काढला, टोक पायरीला धरलं आणि बाकीचा दोरा अंगणात फेकला. "धर रे," त्या म्हणाल्या. कोणाला म्हणाल्या ते त्यांनी बघितलं नाही. लक्ष गाठींवर होतं. बाबा वाकले, त्यांनी पायाशी आलेला दोरा उचलला आणि ताणून धरला. अक्कांनी तिथूनच बोट पुढे करून गाठी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. पाचावर आल्या तेव्हा त्यांची नजर वर गेली आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे ते त्यांच्या ध्यानात आलं.

भाऊसाहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता त्या दोरा टाकणार. पण मोजणी अर्धवट टाकणं त्या घराण्याच्या रक्तातच नव्हतं. पायरीवरचं टोक आणखी घट्ट धरून अक्का म्हणाल्या, "सैल सोडू नको, माप चुकेल." बाबांनी आणखी ताणला. सहा, सात, आठ, नऊ.

"नऊ," अक्का म्हणाल्या. "लिही." मग दोरा खाली ठेवला आणि सरळ विहिरीवर आंघोळीला गेल्या.

बाबा हळूच म्हणाले, "असूं दे भाऊसाहेब, पाचच ऱ्हाऊं दे. आमाला काय तुमच्या घरची नाचक्की नको."

"नाही रे," भाऊसाहेब म्हणाले. "मी कारकून आहे. मुळात नऊ असेल तर नकलेत पाच लिहायचं नाही, हे मीच लोकांना शिकवलं." त्यांनी पाच खोडून नऊ केलं. नऊचा आकडा जरा मोठाच काढला.

तो निबंध सात-आठ ओळींचा होता. त्याला एकही पत्र आलं नाही. हेडमास्तरांनी शब्द पाळला, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. सोमवारी त्यांनी मला नावानं हाक मारली आणि उंबऱ्याच्या आत घेतलं. काही आईबापांनी पोरं घरी ठेवली. आठ दिवसांत ती कंटाळून परत आली, कारण आट्यापाट्यांना गडी पुरेनात. मला जागा दिली ती मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब दोरा घेऊन हजर. माझ्यापासून फळ्यापर्यंत मोजलं आणि चिंतेत पडले. "अरे, साडेचौदा. तू तर आणखी लांब गेलास."

"पन हितं पाणी लागत नाय," मी म्हटलं.

ते हेडमास्तरांकडे वळले. हेडमास्तरांनी हात जोडले. "भाऊसाहेब, लिहू नका. सांगा कुठं बसवू." मी तिसऱ्या ओळीत आलो. तिथून फळा सात हात. मार्चात चौथी पास झालो. ती लहान आरी पुढे कित्येक वर्षं आईनं नारळाचे डोळे फोडायला वापरली.

अक्का मात्र सुधारक वगैरे झाल्या नाहीत, आणि कोणी म्हटलं तर त्यांना राग यायचा. पुढच्या खेपेला बाबा तुळशीपलीकडे उभे राहिले, तेव्हा त्या ओटीवरून म्हणाल्या, "पायरीशी ये. नऊ हातांवरून ओरडून ओरडून माझा घसा बसतो." मग पायरीवरून ओटीवर यायला बाबांना सहा वर्षं लागली. दर वेळी वर घ्यायला अक्कांकडे काहीतरी कारण असायचं; एकदा ऊन होतं, एकदा अंगणात शेवाळ.

मी पुढे शिकायला आगबोटीनं मुंबईला निघालो तेव्हा भाऊसाहेब बंदरावर आले होते. आगबोटीपर्यंत नेणाऱ्या पडावातली माणसं कुठं कुठं बसली आहेत ते डोळ्यांनी मोजत उभे होते, निरोप द्यायचं विसरले. निकाल घेऊन परत आलो तेव्हा त्यांना दिसेनासं झालं होतं. मी ओटीवर त्यांच्याशेजारी बसलो, अक्कांनी दोन कप चहा आणून ठेवला, दोन्ही सारखे. भाऊसाहेबांनी सवयीनं खिशातून दोरा काढला, माझ्या खांद्यापर्यंत चाचपून बघितलं आणि पुन्हा गुंडाळला. "इथं काही मोजण्यासारखं उरलं नाही," ते म्हणाले. "हा तू ने. विहिरीचं राहिलंय." मी म्हटलं, "मला तुमच्यासारखं चुकीचं लिहिता येत नाही, भाऊसाहेब." ते म्हणाले, "येईल. आधी बरोबर मोजायला शीक." पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

दोरा माझ्याजवळ आहे. काही गाठी झिजल्या आहेत, पण हात ओळखू येतो. विहिरीवर मडकी अजून बसलेली असतात. त्यावर मी लिहितो आहे. बाबांनी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर बघितला. आणि त्या शाळेच्या पडवीत आता कोणीही मूल बसत नाही. पावसाळ्यात तिथं ओल्या छत्र्या ठेवतात.